संत्र्याच्या सालीतून आलेली गोडी मधुमेह असलेल्यांच्या किती कामाची?

मालवणातल्या माझ्या दवाखान्यात एक बाई मुलाने पाठवलेला डबा घेऊन आल्या. मुलगा बोटीवर नोकरीला. युरोपातल्या कुठल्याशा बंदरात त्याने आईसाठी 'साखर नसलेली' सरबताची पावडर घेतली होती. बाईंचा मधुमेह बारा वर्षांचा, मागचा एचबीए1सी 8.6. डब्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "डॉक्टरांनू, ह्यां संत्र्यापासून केलेलां म्हणता झील. माका चलात मां?"

त्या बारीक अक्षरांत 'ई 959' असे लिहिले होते. हा क्रमांक निओहेस्पेरिडिन डायहायड्रोकाल्कोन या लांबलचक नावाच्या पदार्थाचा. सोयीसाठी आपण त्याला एनएचडीसी म्हणू. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील द्रव्यापासून तो तयार करतात आणि तो साखरेच्या शेकडो पट गोड असतो. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले असते. पण गेल्या दोन-तीन वर्षांत स्वीटनरबद्दल इतक्या उलटसुलट बातम्या आल्या आहेत की तेवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही. आधी एक बातमी येते की या गोळ्यांनी कर्करोग होतो, मग दुसरी येते की घाबरायचे कारण नाही, आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर 'नैसर्गिक साखर' हजर होते. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

आपल्या दारातला प्रश्न

आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमधील प्रमाण 11.4 टक्के. आणखी 13 कोटी 60 लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यवार आकड्यांत सर्वात वर होते ते आपले शेजारी गोवा, 26.4 टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून थोडे अधिक. बांद्याची हद्द ओलांडली म्हणून खाणेपिणे बदलत नाही. भात तोच, माशाची कढी तीच आणि बसून काम करण्याची नवी सवयही तीच. गोव्याचा आकडा सिंधुदुर्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण तो वाचून निर्धास्त राहण्यासारखीही परिस्थिती नाही.

त्यामुळे साखरेला पर्याय शोधणे ही काही शहरी हौस राहिलेली नाही. चहात टाकायची गोळी आता तळाशीलपासून देवबागपर्यंत घरोघरी दिसते. चतुर्थीला मुंबईहून येणारे चाकरमानी 'शुगर-फ्री' मिठाईचे खोके आणतात. पर्यटकांसाठी मांडलेल्या दुकानांत 'डायबेटिक' लिहिलेले लाडू मिळतात. सुक्रालोज, अस्पार्टेम, सॅकरिन, एसेसल्फेम-के, निओटेम आणि स्टिव्हियापासून काढलेली द्रव्ये ही आपल्याकडच्या पाकिटांवर आढळणारी नावे. एनएचडीसीची सुटी पुडी मी मालवणच्या बाजारात पाहिलेली नाही. ते येते परदेशी डब्यातून, च्युइंगगममधून, कधी एखाद्या औषधातून. तरीही याच पदार्थावर लिहायचे ठरवले, कारण 'फळापासूनचे' आणि 'रसायन' या दोन शब्दांनी होणारी फसगत याच्या गोष्टीत फार स्पष्ट दिसते.

कडूतून गोड कसे निघाले

गणपतीत माटवीला बांधलेले तोरंजन तुम्ही सोलले असेलच. काही भागांत त्याला पपनस म्हणतात. गर गोड-आंबट, पण फोडीवरचा पांढरा पापुद्रा राहिला की जीभ कडू होते. या कडूपणामागचे मुख्य द्रव्य म्हणजे नारिंजिन. कडू संत्र्याच्या, म्हणजे युरोपात ज्याचा मार्मलेड करतात त्या सेव्हिल जातीच्या सालीत याचाच एक भाऊ असतो, निओहेस्पेरिडिन. तोही कडूच.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील प्रयोगशाळेत हॉरोविट्झ आणि जेंटिली हे दोन शास्त्रज्ञ नेमके हेच शोधत होते की फळांचा रस कडू का होतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. कडू द्रव्यांची रचना तपासताना त्यांनी ती अल्कलीत विरघळवली आणि त्यांवर हायड्रोजनची प्रक्रिया केली. हाती आलेला पदार्थ कडू असायला हवा होता, तर तो विलक्षण गोड निघाला. आजही कारखान्यात साधारण हाच मार्ग वापरतात. निओहेस्पेरिडिन थेट सालीतून काढतात किंवा नारिंजिनपासून रासायनिक पायऱ्यांनी बनवतात आणि मग त्याचे एनएचडीसी करतात.

गंमत अशी की गोड संत्र्यात असणारे हेस्पेरिडिन याच घराण्यातले. त्याला जोडलेल्या दोन शर्करांची जोडणी तेवढी वेगळी आहे. ते कडूही नसते, आणि त्याच्यावर हीच प्रक्रिया केली तर गोडही होत नाही. एका जोडणीच्या फरकाने जिभेला एवढा फरक कळतो. मूळव्याध किंवा पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी डायोस्मिन आणि हेस्पेरिडिनच्या गोळ्या घेणारे वाचक असतील. त्यांच्या औषधातले हेस्पेरिडिन ते हेच. एका घराण्यातले एक औषधाच्या गोळीत गेले, दुसरे गोडीसाठी वापरले गेले.

तर मग एनएचडीसी 'नैसर्गिक' आहे का? सुरुवात सालीपासून होते हे खरे. पण तुम्ही संत्रे सालीसकट चघळलेत तरी त्यात हा पदार्थ मिळणार नाही. जे मिळेल ते कडू असेल. तो कारखान्यात तयार होतो. मला स्वतःला हा 'नैसर्गिक की कृत्रिम' वाद रुग्णाच्या दृष्टीने निरुपयोगी वाटतो. उसाची साखर पूर्णपणे झाडाची आहे आणि तीच आपल्याला त्रास देते आहे. गूळ तर आणखी 'नैसर्गिक', पण त्यानेही रक्तातली साखर जवळपास तेवढीच चढते. विचारायचे असेल ते हे की पदार्थ शरीरात गेल्यावर काय करतो, किती प्रमाणात, आणि त्याच्या सोबतीने आणखी काय पोटात जाते.

शरीरात गेल्यावर काय होते

जिभेवर गोड चव ओळखणारी एक जोडगोळी असते. साखर तिला जिथे चिकटते, तिथेच एनएचडीसी चिकटत नाही. ते दुसऱ्या बाजूने जोडले जाते. त्यामुळे त्याची गोडी हळू चढते आणि उशिरापर्यंत रेंगाळते. ज्येष्ठमध चघळल्यावर जो गोडवा घशात मागे राहतो, त्याच्या जवळची ही चव. थोडी गारही वाटते. अगदी पातळ द्रावणात ते साखरेच्या 1500 पटीहून गोड मोजले गेले आहे. पण आपण सरबत जेवढे गोड पितो, तेवढ्या गोडीला हा आकडा घसरून 300 ते 400 पटींवर येतो. जाहिरातीत मोठा आकडा दिसला तर हा फरक लक्षात ठेवा.

एकट्याने वापरले तर ही रेंगाळणारी चव लोकांना आवडत नाही. म्हणून ते बहुधा दुसऱ्या स्वीटनरच्या जोडीला, फार थोडे घालतात. दोघे मिळून बेरजेपेक्षा जास्त गोड लागतात आणि सॅकरिनसारख्याची धातूसारखी चव झाकली जाते. त्याचा दुसरा गुण औषध कंपन्यांच्या कामाचा आहे, तो म्हणजे कडूपणा दाबण्याचा. पॅरासिटामॉल किंवा काही प्रतिजैविकांची पातळ औषधे मुलांच्या गळी उतरवताना आईबापांचे काय होते ते मी रोज पाहतो, त्यामुळे या गुणाबद्दल मला आदर आहे. कडू द्रव्यातून जन्मलेल्या पदार्थाने कडूपणा झाकावा, हेही नवलच. जनावरांच्या खाद्यातही त्याचा याच कारणांसाठी वापर होतो. अमेरिकेत त्याला स्वाद सुधारणारा पदार्थ म्हणून वापरतात, गोडकारक म्हणून नव्हे. युरोपीय संघात मात्र 1994 पासून ते मान्य स्वीटनर आहे.

पोटात गेल्यावर त्याचा मोठा भाग जसाच्या तसा रक्तात जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात. आपण फळे-भाज्या खातो तेव्हा त्यातील फ्लॅव्होनॉइड द्रव्यांचे जे होते, त्याच धर्तीवर हे घडते. त्यातून रक्तात ग्लुकोज वाढण्यासारखे काही मिळत नाही आणि वापराचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये असल्याने उष्मांकही मोजण्याजोगे नसतात.

सुरक्षिततेबद्दल युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये सर्व माहिती पुन्हा तपासली. आधी दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे 5 मिलिग्रॅम ही मर्यादा होती, ती त्यांनी 20 मिलिग्रॅम केली. ही मर्यादा म्हणजे आयुष्यभर रोज घेतले तरी चालेल असे प्रमाण. 60 किलोच्या माणसाला ती 1200 मिलिग्रॅम पडते. युरोपात शीतपेयात एका लिटरमागे जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम घालण्याची मुभा आहे. म्हणजे मर्यादा गाठायला त्याने दिवसाला 40 लिटर शीतपेय प्यायला हवे. एवढे पाणी प्यायले तरी माणूस अत्यवस्थ होईल, स्वीटनरचा प्रश्न त्यापुढचा.

एक शंका जाणकार वाचक काढतात, म्हणून तिचा उल्लेख. सॅकरिन आणि एनएचडीसीचे मिश्रण खाद्यातून दिल्यावर डुकराच्या पिलांच्या आतड्यात ग्लुकोज शोषून घेणाऱ्या वाहकांची संख्या वाढते, असे ब्रिटनमधील संशोधकांना दिसले आहे. पशुपालकाला ते हवेच असते, कारण आईपासून तोडलेली पिले त्यामुळे नीट वाढतात. माणसात, आणि तेही मधुमेही माणसात, असेच होते असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. पण 'आतड्याला गोडी कळतच नाही' असे समजणेही बरोबर नाही, एवढे मात्र त्यातून शिकावे.

मग जागतिक आरोग्य संघटना नको का म्हणाली?

मे 2023 मध्ये संघटनेने मार्गदर्शक सूचना काढली की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा पुढे मधुमेह-हृदयविकार होऊ नयेत म्हणून साखरेऐवजी स्वीटनर वापरू नयेत. बातम्यांमध्ये यातले दोन तपशील गळाले. पहिला म्हणजे, ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही, असे त्यातच लिहिले आहे. दुसरा म्हणजे, सूचना 'सशर्त' आहे. म्हणजे पुरावा तितका पक्का नाही, हे देणाऱ्यांनीच कबूल केले आहे. टूथपेस्ट आणि औषधांतील स्वीटनरही तिच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

पुराव्यातली अडचण समजून घेण्यासारखी आहे. काही महिन्यांच्या प्रयोगांत स्वीटनर वापरणाऱ्यांचे वजन थोडे कमी झालेले दिसते. पण अनेक वर्षे माणसांवर नुसते लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत मात्र स्वीटनर जास्त घेणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकार जास्त झालेले दिसतात. याचे एक कारण सरळ आहे. ज्याचे वजन वाढलेले आहे, ज्याच्या घरात मधुमेह आहे, तोच शुगर-फ्रीकडे वळतो. आजार गोळीने आला की आजाराच्या भीतीने गोळी आली, हे अशा अभ्यासातून सुटे करता येत नाही. संघटनेने सावध बाजू घेतली. सार्वजनिक आरोग्यासाठी सल्ला देणाऱ्याने तशी ती घ्यावी, असे माझेही मत आहे. माझ्यासमोर बसलेल्या, दिवसाला चार कप गोड चहा पिणाऱ्या मधुमेही रुग्णाला मात्र मी तो सल्ला जसाच्या तसा देत नाही. त्याच्यासाठी चहातली गोळी साखरेपेक्षा बरीच बरी, आणि गोडी हळूहळू कमी करत गोळीही सुटली तर त्याहून बरे.

त्याच वर्षी जुलैमध्ये अस्पार्टेमची बातमी आली. कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले आणि त्याच दिवशी अन्नातील पदार्थ तपासणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने किलोमागे 40 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. एक संस्था 'धोका असू शकतो का' हे पाहते, दुसरी 'किती प्रमाणात' ते पाहते. समुद्रात बुडण्याचा धोका आहे आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहायला हरकत नाही, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात. चिवल्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

एनएचडीसीचे नाव या दोन्ही बातम्यांत कुठे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने उदाहरणादाखल ज्या स्वीटनरची नावे दिली त्यांतही ते नाही. त्याचा अर्थ ते त्यांच्यापेक्षा चांगले ठरले असा होत नाही. ते फार थोडे वापरले जाते, त्यामुळे हजारो माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवलेला अभ्यास त्याच्या वाट्याला आलेला नाही. 'याच्याविरुद्ध काही सापडले नाही' आणि 'याच्याबद्दल फारसे शोधले गेले नाही' ही वाक्ये विक्रेत्याच्या तोंडी सारखीच ऐकू येतात.

आपल्याकडेही साखरेवरून हालचाल सुरू आहे. मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कोणत्या पेयात किती साखर, हे मुलांना फलकावर दिसावे ही कल्पना चांगली. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हा साखर किंवा इतर कोणताही गोड पदार्थ घातलेली शीतपेये 40 टक्क्यांच्या गटात गेली. म्हणजे आपला कर साखर आणि स्वीटनर यांत फरक करत नाही. ब्रिटनने 2018 मध्ये उलटे केले. तिथे कर साखरेच्या प्रमाणावर बसवला, आणि कर चुकवण्यासाठी कंपन्यांनी साखर कमी करून तिथे स्वीटनर घातले. साखर घटली हे खरे, पण पेय तेवढेच गोड राहिले. आपल्या पद्धतीत कंपनीला साखर कमी करण्याचे बक्षीस मिळत नाही, त्यांच्या पद्धतीत मुलांची गोडाची सवय मोडत नाही. मला विचाराल तर साखरेच्या प्रमाणानुसार कर हवा आणि स्वीटनरवरही थोडा हवा. पण ते माझ्या हातात नाही.

कोकम सरबतात घातले तर?

हा प्रश्न मला घरगुती उद्योग चालवणाऱ्या बचत गटाच्या बायकांनी विचारला होता. अमृत कोकम करताना सालींच्या दीडपट-दुप्पट साखर पडते. एका ग्लासात चार-पाच चमचे साखर सहज जाते. प्रौढाने दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या, म्हणजे पाच चमच्यांच्या आत ठेवावी असे म्हणतात. ती एका ग्लासात संपली.

आंबट पेयात आणि उकळताना काही स्वीटनर टिकत नाहीत. अस्पार्टेम उष्णतेने फुटते आणि गोडी जाते. एनएचडीसी आंबटातही टिकते आणि उष्णताही बऱ्यापैकी सोसते. म्हणून कागदावर ते कोकमासाठी योग्य दिसते. पण अडचण दुसरीकडे आहे. अमृत कोकम वर्षभर बाटलीत टिकते ते साखरेमुळेच. एवढी घट्ट साखर असते म्हणून बुरशी धरत नाही. एक किलो साखरेची गोडी एनएचडीसीच्या तीनेक ग्रॅममध्ये मिळेल, पण उरलेल्या 997 ग्रॅमचे काम कोण करणार? मग टिकवणारे रसायन घाला, नाहीतर निर्जंतुक करून सीलबंद करा. घरच्या चुलीवर हे जमत नाही आणि कायद्यानेही कोणते स्वीटनर कशात आणि किती घालायचे ते ठरवून दिलेले असते. त्या बायकांना मी सांगितले की बाजारातून पावडर आणून प्रयोग करू नका. आधी अन्न आणि औषध प्रशासनाकडे विचारा.

घरच्यासाठी सोपा मार्ग आधीच आपल्याकडे आहे. आगळात साखर नसते. आगळ, पाणी, जिरे, हवी तर मिरची, असे सरबत करा. फक्त आगळात मीठ भरपूर असते, तेव्हा रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर साधी वाळलेली, मीठ न लावलेली सोले भिजवून घ्या.

हाच 997 ग्रॅमचा हिशेब मिठाईलाही लागू पडतो. लाडूतून साखर काढली की लाडवाचा आकार भरायला काहीतरी लागते. बहुतेक वेळा ते माल्टिटॉल, सॉर्बिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असते. माल्टोडेक्स्ट्रिन रक्तातली साखर चांगलीच चढवते. माल्टिटॉल कमी चढवते, पण चढवते. जास्त खाल्ले तर पोट बिघडते. शिवाय तूप, बेसन, काजू जिथल्या तिथे. मी पाहिलेल्या एका रुग्णाची उपाशीपोटीची साखर चतुर्थीनंतर अडीचशेच्या पुढे गेली. त्यांनी साखरेचा एकही मोदक खाल्ला नव्हता, 'डायबेटिक' लाडू मात्र दिवसाला सहा.

पाकिटावरचे क्रमांक ओळखता आले तर उपयोग होतो. 950 एसेसल्फेम-के, 951 अस्पार्टेम, 954 सॅकरिन, 955 सुक्रालोज, 959 आपले एनएचडीसी, 960 स्टिव्हिया, 961 निओटेम. 420 म्हणजे सॉर्बिटॉल आणि 965 माल्टिटॉल. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलांनी 951 टाळायचे असते. आणि आधी पाहायचे ते मागच्या तक्त्यातले एकूण कर्बोदकांचे प्रमाण. पुढच्या बाजूचे मोठे अक्षर नंतर.

जिथे गोडी नको, साखरच हवी

या लेखातला हा भाग घरच्यांनी जरूर वाचावा.

एक तांडेल पहाटे होडी घेऊन गेले होते. ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती, न्याहारी राहिली होती. जाळे ओढताना हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम आला, बोलणे अडखळू लागले. सोबतच्या खलाशाला साखर कमी झाल्याचे कळले, त्याने लगेच थर्मासमधला गोड चहा पाजला. दोनदा पाजला. काही फरक पडेना, कारण घरच्यांनी काळजीने थर्मासमध्ये गोळी घातलेला चहा दिला होता. होडीवर कोणाच्या तरी पिशवीत बिस्किटांचा पुडा आणि गुळाचा खडा निघाला म्हणून निभावले.

स्वीटनर कोणताही असो, साली-संत्र्याचा असो की प्रयोगशाळेतला, त्याने खाली गेलेली साखर वर येत नाही. जीभ गोड होते, मेंदूला काही मिळत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात खरी साखर ठेवावी. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली किंवा वर सांगितलेली लक्षणे दिसली की 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, गरज पडली तर पुन्हा तेवढीच द्यायची आणि मग पोटभर खायला द्यायचे. तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखर किंवा गुळापेक्षा औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर जवळ ठेवा. या गोळ्या साखरेचे ग्लुकोज होणे लांबवतात, त्यामुळे ऐनवेळी साध्या साखरेचा उपयोग उशिरा होतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा.

जुलाबातही असेच. ओआरएसमधले ग्लुकोज चवीसाठी नसते. आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढून नेण्याचे काम तेच करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आहे, कमी नाही आणि जास्तही नाही. स्वीटनरने ते काम होत नाही, आणि भरपूर साखरेच्या फळपेयाने जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली ती याच कारणाने. मधुमेह असलेल्यालाही जुलाब झाले तर ओआरएस द्यायचे, फक्त साखर वरचेवर तपासायची.

आणि तोरंजनाचे

त्या बाई उठता उठता विचारून गेल्या, फळापासून केलेले चालते तर फळ चालते का? तोरंजनाच्या चार फोडी मधुमेहात चालतात. अडचण साखरेची नाही, औषधांची आहे. ग्रेपफ्रूट आणि तोरंजन या फळांत एनएचडीसीशी संबंध नसलेली आणखी काही द्रव्ये असतात, ती आतड्यातले औषध मोडणारे विकर अडवतात. त्यामुळे कोलेस्टेरॉलवरची सिम्वास्टॅटिन, अटॉर्वास्टॅटिन, रक्तदाबावरची निफेडिपिन, फेलोडिपिन अशी औषधे रक्तात नेहमीपेक्षा जास्त साठू शकतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या टॅक्रोलिमसची पातळी तोरंजन खाल्ल्यावर वाढल्याचेही नोंदले गेले आहे. प्रत्यारोपण झालेल्यांनी ते पूर्ण टाळावे. स्टॅटिन घेणाऱ्यांनी चतुर्थीत प्रसादाची एखादी फोड घेतली तर बिघडत नाही; पण माटवी उतरवल्यावर घरातली सगळी तोरंजने आठवडाभर आपणच संपवायची असा बेत असेल, तर आधी औषधांची चिठ्ठी दाखवा.

बाईंच्या चिठ्ठीत अटॉर्वास्टॅटिन होते. डब्यातली पावडर त्यांना चालेल असे सांगितले, दिवसाला एक ग्लास. डब्याच्या मागे मात्र दुसऱ्या क्रमांकावर माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेले होते, तेव्हा प्यायल्यावर दोन तासांनी एकदा साखर तपासून आकडा मला कळवायला सांगितला आहे.